चौथं चाक

भाद्रपदाचे शेवटचे दिवस आले, की आमच्या गल्लीत सकाळपासून पाण्याच्या पाइपाचा आवाज सुरू होतो. पावसानं दोन-तीन महिने गाड्यांना लावलेला चिखल आता काढायचा असतो. हर्सूल तलावाकडून येणारा वारा अजून ओला असतो, ऊन मात्र नवं आणि टोचणारं. दुपारी फरशी तापते, संध्याकाळी चार थेंब पडतात आणि कपडे दोरीवर तसेच दमट राहतात. हा धड पावसाळा नाही आणि थंडी तर फार लांब. नवरात्राआधीच्या या पंधरा-वीस दिवसांना वेगळं असं नाव नाही. मी मनात त्यांना चाकांचे दिवस म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत माझा मुलगा सुमेध घरी होता. वय एकतीस. चितेगावच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमचे सुटे भाग ओततात, तिथं तो फिनिशिंगच्या विभागात होता. रक्ताच्या कर्करोगाच्या दोन उपचारांच्या मध्ये डॉक्टरांनी त्याला तीन आठवडे घरी सोडलं होतं. त्या तीन आठवड्यांत त्याला एकच काम पुरं करायचं होतं. जुन्या बाजारातून आणलेली ॲल्युमिनियमची चार चाकं घासायची, चमकवायची, मेण लावून आमच्या जुन्या गाडीला बसवायची आणि दसऱ्याला त्या गाडीतून मला आणि प्रज्ञाला नागपूरला न्यायचं. प्रज्ञा त्याची बायको, पैठण रस्त्यावरच्या एका शाळेत शिकवते. नागपूरला आम्ही दरवर्षी जात आलो. एसटीनं गेलो, रेल्वेच्या दारात बसून गेलो, मी तरुण होतो तेव्हा एकदा ट्रकच्या हौद्यातूनही गेलो. "या वेळी पप्पा पुढच्या सीटवर," सुमेध म्हणाला होता.

चाकं झाली. नागपूरला आम्ही गेलो नाही.

शुक्रवारी सकाळी वर्तमानपत्र उचलायला वाकलो आणि गाडीच्या चाकाकडं लक्ष गेलं. आऱ्यांवर पांढुरके ठिपके उठले होते, मिठाच्या पाण्याचे वाळून राहतात तसे. हात फिरवला तर खरखर लागली. दोन वर्षं प्रज्ञा त्याच गाडीनं शाळेत जाते, उखडलेल्या रस्त्यावरून, चिखलातून. मी दर दोन महिन्यांनी मेण लावतो, पण या पावसाळ्यात गुडघ्यानं साथ दिली नाही आणि लावायचं राहिलं. ॲल्युमिनियमचं असं असतं, सुमेध सांगायचा. लोखंडासारखं ते तांबड्या गंजानं ओरडत नाही. गप्प राहतं आणि आतून पांढरं होत जातं.

माझा या धातूवर राग होता, हे आधी सांगायला हवं.

आमच्या लहानपणी ॲल्युमिनियम हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. जर्मन म्हणत. जर्मनचं पातेलं, जर्मनची ताटली. पितळ ज्यांच्या घरी शेती त्यांच्याकडं, आमच्या वस्तीत सगळं जर्मन. हलकं, पोचे पडलेलं. पैठणच्या बाजूच्या आमच्या गावात ज्यांच्या शेतावर आई जायची, त्यांच्या गोठ्याच्या वळचणीला जर्मनचा एक कप खोचलेला असे. कान तुटलेला. तो आमच्यासाठीचा. चहाच्या वेळेला आई तो स्वतः काढायची, पुढं धरायची, वरून चहा पडायचा. पिऊन झाला की अंगणाच्या कडेला बसून राखेनं घासायची, विसळायची आणि पुन्हा वळचणीला खोचून ठेवायची. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. सगळं रीतसर चालायचं.

पुढं मी शिकलो, शहरात आलो, एका महाविद्यालयात ग्रंथपाल झालो. पहिल्या पगारात स्टीलची भांडी घेतली आणि आईनं सोबत आणलेली जर्मनची पातेली भंगारात देऊन टाकली. त्यानंतर आमच्या घरात ॲल्युमिनियमचं भांडं आलं नाही. बायकोनं एकदा त्या धातूचा कुकर घेतला, तो मी बदलून आणायला लावला. कारण विचारलं तेव्हा तब्येतीला वाईट असतं, असं सांगितलं. खरं कारण मी तिला सांगितलं नाही आणि सुमेधलाही नाही. बायको सहा वर्षांपूर्वी गेली.

आता, अशा घरातला एकुलता एक मुलगा. मला वाटायचं तो पुस्तकांत रमेल, प्राध्यापक होईल. तो मात्र खेळण्यांचे स्क्रू काढत मोठा झाला. डिप्लोमा केला, चितेगावला लागला. पहिल्या महिन्यात एकदा घरी आला तेव्हा त्याची नखं काळी होती, मनगटापर्यंत करडी भुकटी. मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "एवढं शिकवलं ते जर्मन घासायला का?"

तो वळला. मोरीत जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले. मग जेवायला बसला. तेव्हापासून कामावरून आला की आधी हात धुवायचा आणि मगच माझ्यासमोर यायचा. आठ वर्षं त्यानं हा नेम पाळला. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याला कधी नको म्हटलं नाही.

ती चाकं त्यानं आजार कळण्याच्या आधी आणली होती. वरचा पारदर्शक लेप जागोजागी फुटला होता, त्याखाली पांढऱ्या अळ्या वळवळल्यासारख्या रेघा, कडा फुटपाथला घासून चेचलेल्या. उन्हाळ्यात एका रविवारी त्यानं औषध लावून जुना लेप खरवडून काढला आणि उघडी चाकं पोत्यात गुंडाळून जिन्याखाली ठेवली. पुढच्या आठवड्यात अंगावर निळे डाग दिसले. मग रक्ततपासण्या, मग दवाखाना. चाकं तशीच राहिली.

उपचारांच्या मध्ये घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नव्हते. अंगातल्या पांढऱ्या पेशी इतक्या कमी झाल्या होत्या, की साधी सर्दीसुद्धा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धुळीत नको, ओलाव्यात नको, गर्दीत नको. तोंडावर मास्क, हातात मोजे. आल्या आल्या त्यानं जिन्याखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "पप्पा, माझ्या हातात जोर नाही. तुम्ही घासाल?"

मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार होतो.

त्यानं मला यादी करून दिली आणि मी शहागंजला गेलो. रंगाच्या सामानाचं दुकान, गल्ल्यावर एक दाढीवाले गृहस्थ. मी यादी वाचून दाखवली. पाण्यात भिजवून घासायचे ते वॉटर पेपर, चारशे, सहाशे, आठशे, हजार, पंधराशे, दोन हजार. जितका आकडा मोठा तितका कागद मऊ.

"दो हजार तक?" ते म्हणाले. "कायके वास्ते होना चचा? गाडी घिसरे या चेहरा?"

"चाकं आहेत. ॲल्युमिनियमची."

"मशीन हई?"

"नाही. हातानं."

त्यांनी माझे हात पाहिले. "फिर जल्दी नक्को करो. जल्दी में चाकां नै चमकते, हाथां छिलते." आणि दोन कागद जास्तीचे घातले.

पोर्चमध्ये मी पाटावर बसायचो, समोर पोत्यावर चाक. सुमेध दारात खुर्चीवर, मास्क लावून. पहिल्या दिवशी धातूला हात लावला. तोच थंडपणा, तोच हलका आवाज. बोटांना राखेची सय आली. मी मान खाली घालून घासत राहिलो.

"पप्पा, गोल गोल नाही," तो म्हणायचा. "एक कागद उभा चालवायचा, पुढचा आडवा. उभे ओरखडे पूर्ण गेले की समजायचं आडव्याचं काम झालं."

"आणि थोडे राहिले तर?"

"तर शेवटी दिसतात. तेव्हा परत पहिल्यापासून. मधूनच सुरुवात करता येत नाही."

आयुष्यभर पुस्तकं क्रमानं लावणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. चारशेच्या कागदानं चाक आधी होतं त्याहून वाईट दिसतं, राखाडी आणि ओरबाडलेलं. हजारला पोचलं की त्यात उजेड शिरल्यासारखा होतो. दोन हजारनंतर दुधासारखी साय दिसते, पण चेहरा अजून दिसत नाही. मग पॉलिशची पेस्ट, जुन्या बनियनच्या चिंधीनं. चिंधी काळी होते आणि तो काळेपणा संपतच नाही. मी म्हणालो, किती मळ आहे रे यात. तो म्हणाला, "मळ नाही पप्पा, धातूच आहे. आपण त्याचाच वरचा थर काढतोय."

पेस्टचा तेलकटपणा काढायला मैदा लागतो, हे ऐकून प्रज्ञा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"शंकरपाळ्यांचा मैदा आहे तो."

"दोन मुठी फक्त," सुमेध म्हणाला.

"दोन मुठी कुणाच्या? तुझ्या की पप्पांच्या?"

"पप्पांच्या. माझ्या मुठीत आता काय मावतंय."

ती हसली आणि आत गेली. डबा घेऊन परत यायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

मैदा चोळून पुसला आणि पहिल्या चाकात मला माझा चेहरा दिसला. मागं पोर्चचं छत, त्याच्या पलीकडं आभाळ, आणि बाजूला खुर्चीवर मास्क लावलेला तो. मग मेण. अगदी पातळ थर, सुकू द्यायचं, मऊ फडक्यानं पुसायचं, दुसऱ्या दिवशी परत एक थर. "हे नसेल तर आठवड्यात सगळं जाईल," तो म्हणाला. "चमक आणणं सोपं, पप्पा. ती राखायला हवा आणि पाणी लांब ठेवावं लागतं." धुताना नुसतं पाणी आणि साधा शाम्पू. आम्ल नको. चाक गरम असताना पाणी नको. चाकाचं फडकं गाडीला नको, गाडीचं चाकाला नको. हे सगळं त्यानं मला एका वहीत लिहून घ्यायला लावलं. आपण नसताना लागेल, असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

शेजारचे भानुदासराव संध्याकाळी फेरी मारून येताना थांबायचे. पैठणकडचे, घरची शेती, मुलगा इथं नोकरीला म्हणून तेही इथं. पितृपक्ष असल्यानं त्यांना रोज कुणाकडं तरी जेवणाचं बोलावणं असे.

"सर, लई चमकवलं की. दाढी करता यील यात."

"तुमची करून बघू," सुमेध म्हणाला.

"माझी नको बाबा. हाय तेवढीच इज्जत हाय." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही खंडेनवमीला गाडी पुजत नाय ना? आमच्याकडं नारळ, हार, चाकाखाली लिंबू, समदं असतंय. पण धूळ कोण पुसत नाय बघा."

"आमच्या गाडीला हार नसतो ना काका," सुमेध म्हणाला, "म्हणून चाकं तरी दिसली पायजेत."

भानुदासराव मान हलवत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या धोतराचा मऊ तुकडा आणून दिला. चाकाला बरा, म्हणाले. तो खरोखर बरा होता.

अशी तीन चाकं झाली. माझी बोटं सोलवटली, पण रोज सकाळी मी त्याच्या आधी पोर्चमध्ये जाऊन बसायला लागलो. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला बरं वाटत होतं. मुलगा मरणाच्या दारात आणि बापाला बरं वाटतंय, हे लिहितानासुद्धा हात थांबतो. पण तसं होतं. आठ वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो.

चौथं चाक दोन हजारच्या कागदापर्यंत आलं होतं. फक्त पेस्ट आणि मेण राहिलं होतं. दुपारची वेळ, प्रज्ञा शाळेत, सुमेध झोपलेला. चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकची काळी चिकट भुकटी आणि ग्रीस तसंच होतं. पेस्ट लावायच्या आधी तेलकटपणा पूर्ण जायला हवा, असं तो सकाळीच म्हणाला होता. मला वाटलं, तो उठायच्या आत एवढं करून ठेवावं. त्याचे कष्ट वाचतील, आणि मी न सांगता काहीतरी केलेलं त्याला दिसेल. चिकट काही निघत नसलं की आमच्या घरात एकच उपाय. शेगडीच्या जाळ्या, पंख्याची पाती, सगळं धुण्याच्या सोड्यानं निघतं. मी पातेलंभर पाणी उकळलं, मूठभर सोडा टाकला, मोठ्या घमेल्यात ओतलं आणि चाक पालथं ठेवलं. बारीक बुडबुडे यायला लागले. मळ निघतोय, असं वाटून मी आत जाऊन पुस्तक घेऊन बसलो.

तासाभरानं चाक उलटं केलं तर ते काळं झालं होतं. सगळीकडं सारखं नाही, ढग उतरल्यासारखं, कुठं करडं, कुठं शिसवी. चार दिवसांचं घासकाम गेलं होतं.

ज्या घरात जर्मनची भांडी असतात, तिथल्या कुठल्याही बाईनं मला थांबवलं असतं. जर्मनला सोडा लावायचा नाही, हे माझ्या आईला ठाऊक होतं, वस्तीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मलाच ठाऊक नव्हतं, कारण तो धातू मी घरातून काढून टाकला होता आणि त्याच्याबरोबर त्याच्याविषयी जे जे माहीत असायला हवं तेही.

सुमेध उठून दारात आला. मी घमेल्याशेजारी तसाच उभा होतो. त्यानं चाकाकडं पाहिलं, घमेल्याकडं पाहिलं.

"पप्पा, सोडा?"

मी मान हलवली.

"जर्मनला सोडा?" म्हणाला आणि हसायला लागला. मास्क खाली ओढून, खुर्चीला धरून हसला, खोकला येईपर्यंत. "आजी असती तर तुम्हाला लाटण्यानं मारलं असतं."

जर्मन हा शब्द त्यानं माझ्यासमोर पहिल्यांदाच उच्चारला होता. त्याच्या तोंडी त्यात काहीही कडवट नव्हतं. मी पाटावर बसलो आणि त्याला वळचणीचा कप सांगितला. भंगारात दिलेली पातेली सांगितली, कुकर सांगितला. आणि काळ्या नखांचा तो दिवसही सांगितला, जो त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

तो बराच वेळ चाकाच्या काठावरून बोट फिरवत राहिला. मग विचारलं, "आजी तो कप नीट घासायची?"

"नीट म्हणजे? उन्हात धरला तर डोळे दिपायचे."

"दुसऱ्याच्या घरचा कप."

"हो."

"मग आजी माझ्या लाईनची," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुढं म्हणाला, "चला, चारशेचा कागद काढा. पहिल्यापासून."

मी म्हणालो, मी एकटा करतो. त्यानं ऐकलं नाही. आता वेळ कमी होता, पुढच्या उपचाराची तारीख जवळ आली होती. तो खुर्ची सोडून खाली आला, पोत्यावर, माझ्यासमोर. एक कड मी घासायचो, समोरची तो. तो दिवस आणि त्याच्या पुढचा. बाहेर परतीचा पाऊस लागला होता. फरशी ओली, पोतं ओलं, कागद भिजवायची बादली मांडीशेजारी. मी दोनदा म्हणालो, उठ, ओल आहे. तो म्हणाला, हा हजारचा संपला की. मग म्हणाला, पंधराशेचा संपला की. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाकावर मेणाचा पहिला थर चढला आणि तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. त्याच्या कपाळाला हात लावला तर भाजत होतं.

त्यानंतरचे नऊ दिवस दवाखान्यात गेले. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं माझ्याकडं नाही. एकदा जिन्यात मी डॉक्टरांना विचारलं, ओलाव्यात बसल्यामुळं झालं का? ते घाईत होते. म्हणाले, "इन्फेक्शन कुठूनही येऊ शकतं." पुढं दोन वर्षं हे एक वाक्य माझ्याकडं राहिलं. कुठूनही, यात आमचा पोर्च आला. घमेलं आलं. मूठभर सोडा आला.

दसऱ्याच्या चार दिवस आधी तो गेला. विहारातून माणसं आली, त्रिशरण झालं, शेजारी आले. भानुदासराव दाराबाहेर चप्पल काढून खूप वेळ उभे होते. आत या, कुणीतरी म्हणालं तेव्हा आले आणि भिंतीशी बसले. दसऱ्याच्या दिवशी गल्लीत सगळ्या गाड्यांना हार होते. नंतर कधीतरी प्रज्ञाच्या भावानं ती चार चाकं गाडीला बसवून दिली. जिन्याखालची जागा रिकामी झाली.

माणूस गेल्यावर घरात एक शिष्टाचार तयार होतो. प्रज्ञा तिच्या माहेरी गेली नाही, मला एकटं ठेवायचं नाही म्हणून इथंच राहिली. ती सकाळी डबा भरते, मी भाजी निवडून ठेवतो. संध्याकाळी शाळेतल्या गोष्टी सांगते. चौथ्या चाकाच्या त्या दोन दिवसांविषयी आम्ही कधी बोललो नाही. मी बोलत नव्हतो, कारण मला भीती होती. तिला जर कळलं, की माझ्या एका मूर्खपणामुळं तो ओल्यात बसला, तर ती काही बोलणार नाही, डबा भरतच राहील, आणि ते मला सहन होणार नाही. घरात आता तीच आहे. तिच्या नजरेतून उतरलो, तर मी कुठल्या माणसासाठी उठायचं सकाळी?

काल रविवार. मी वॉटर पेपर आणले, पाट घेतला आणि पोर्चमध्ये गाडीच्या पुढच्या डाव्या चाकासमोर बसलो. ठिपके गेले पाहिजेत, तर घासायला हवं. घासलं, तर त्याच्या हाताखालून गेलेला तो वरचा थर जाईल. हे मी दोन दिवस मनात घोळवत होतो. पण न घासता ठेवलं, तर पुढच्या पावसात खड्डे पडतील आणि गाडी तिला चालवायची आहे. तो असता तर या विचारात एक मिनिट घालवला नसता.

प्रज्ञा दारात खुर्चीवर बसून वह्या तपासत होती. मी कागद भिजवला, चाकावर टेकवला, पण हात फिरेना.

"हे चौथं," मी म्हणालो.

"हो. आतून अजून काळं आहे थोडं."

"तुला माहीत आहे?"

"सोड्याचं? त्यानंच सांगितलं, त्याच संध्याकाळी. किती हसत होता."

मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "मी सोडा टाकला नसता तर ते दोन दिवस तो ओल्या फरशीवर बसला नसता. ताप आला नसता. दोन वर्षं मला हे तुला सांगायचंय."

पेनचं टोपण लावल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं तेव्हा ती माझ्याकडं नाही, फाटकाकडं बघत होती.

"पप्पा, ताप त्याला आधीच होता."

"कधी?"

"सोड्याच्या आदल्या संध्याकाळी. मी थर्मामीटर बघितला, शंभराच्या वर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शंभर झाला की लगेच घेऊन या, एक तास थांबू नका. मी पिशवी भरली होती त्याची." वहीचा कोपरा तिनं दुमडला, परत सरळ केला. "तो म्हणाला, एक चाक राहिलंय. तीनच दिवसांनी तसंही ॲडमिट व्हायचंय. पप्पा शिकतायत माझ्याकडून, म्हणाला. मला हे सोडायचं नाही. गोळी घेतली, ताप उतरला. दुसऱ्या दिवशी ते सोड्याचं झालं, तर म्हणाला, आता तर दोन दिवस लागतीलच. परत गोळी घेतली. मला शपथ घातली, पप्पांना सांगायचं नाही."

"आणि तू…"

"मी दिले दोन दिवस."

कागदातलं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं. मी कागद बादलीत टाकला. आम्ही दोघं एका घरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना झोपत होतो, आणि त्याच दोन दिवसांचा अपराध दोघंही एकमेकांपासून लपवत होतो. ती डबा भरत होती, मी भाजी निवडत होतो. तू बरोबर केलंस, असं मी तिला म्हणायला हवं होतं. पण ते खरं आहे की नाही, मला माहीत नव्हतं. ती शिक्षिका आहे, पाठ केलेलं उत्तर तिला लगेच ओळखू येतं. आणि मला हलकं वाटलं असंही नाही. इतके दिवस दोष एका जागी होता, माझ्या हातात, त्याला आकार होता. आता तो घरभर झाला.

भानुदासरावांच्या घरून पाण्याचा पाइप सुरू झाला. त्यांच्या गाडीखालून निघालेलं गढूळ पाणी आमच्या फाटकापर्यंत आलं आणि पुढं गटाराकडं वळलं. प्रज्ञा उठली. वह्या खुर्चीवर ठेवल्या, पदर खोचला आणि माझ्यासमोर पोत्यावर बसली, चाकाच्या पलीकडच्या बाजूला. तिचे डोळे कोरडे होते. आऱ्यांवरच्या एका पांढऱ्या ठिपक्यावर तिनं नख ओढलं.

"मी शाळेत होते ते दोन्ही दिवस," ती म्हणाली. "घरी आले की तो दमलेला असायचा, दोन शब्द बोलून झोपायचा. तुम्ही दिवसभर काय बोललात, मला काहीच माहीत नाही."

मी हात पुसले आणि सांगायला लागलो.